फोटोपुरती खुर्ची

माझा पाय मी दीड वर्षाची असताना गेला. खांदा गेला सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि त्याचा त्रास मला पायापेक्षा जास्त झाला. पायाची सवय होती. डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत बुटाला जोडलेला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि उजव्या काखेत कुबडी घेऊन मी शाळा केली, कॉलेज केलं, लग्न होऊन लातूरकडून पिंपळे गुरवला आले. गेली सतरा वर्षं निघोज्याजवळच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात तपासणीचे कागद सांभाळते आहे. हे सगळं त्या एका कुबडीच्या जोरावर. आणि मग एके दिवशी उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालता येईना. कंपनीच्या बसमध्ये चढताना दांडा धरला की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

फिजिओथेरपीवाली मुलगी माझ्या भाचीच्या वयाची होती. तिने खांदा वर-खाली करून पाहिला आणि विचारलं, "काकू, पोहता येतं का?"

जन्मभर लोकांनी मला "हे जमत नसेल ना?" असंच विचारलेलं. सरळ प्रश्नाची सवयच नव्हती. मी म्हटलं, "येतं."

खरंच येत होतं. आमच्या शेतातल्या विहिरीत वडिलांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला पोहायला शिकवलं होतं. त्यात लाड नव्हते. पोरगी कधीतरी घसरून विहिरीत पडेल आणि जाईल, ही त्यांना धास्ती होती. महिन्याभरात डबा सुटला. पाण्यात तो पाय माझ्यामागून नुसता वाहत यायचा, आणि वर काठावर आल्यावर पुन्हा जड व्हायचा. पण वयात आले आणि विहीर बंद झाली. तीस वर्षं मी पाण्यात उतरले नव्हते.

"मग उतरा आता," ती मुलगी म्हणाली. "पाण्यात खांद्यावर वजन येत नाही. आठवड्यातून दोनदा तरी जा."

तलाव कोणता ते लिहीत नाही. आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे, सार्वजनिक आहे आणि चालवायला एका ठेकेदाराकडे दिलेला आहे, एवढं पुरे. एका शनिवारी दुपारी मी आणि नवरा गेलो. तो चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे, पहिली शिफ्ट संपवून आला होता. दारापाशी निळी पाटी, पाटीवर व्हीलचेअरचं पांढरं चित्र. पायऱ्या चार, आणि त्यांच्या शेजारी उतार. तो पाहून मला आधी बरं वाटलं. मग मी त्यावर कुबडी टेकवली आणि कुबडी सटकली. नवऱ्याने दंडाला धरलं म्हणून वाचले. उतारावर काळाभोर, गुळगुळीत ग्रॅनाइट बसवलेला होता. घरातल्या ओट्याला बसवतात तसा.

माझा पेशाच असा की वाकडं दिसलं की मोजावंसं वाटतं. नवऱ्याच्या खिशात टेप होती. दोन फूट चढायला सहा फुटांचा उतार. नियमाने एक फुटाला बारा फूट लागतात, म्हणजे हा चोवीस फुटांचा हवा होता. एवढ्यावरही भागलं नव्हतं. उताराच्या वरच्या टोकाला जाळीचं दार होतं आणि त्याला साखळी घालून कुलूप ठोकलेलं होतं.

"ते बंदच असतं," वॉचमन म्हणाला. "उघडं ठेवलं की कुत्री येतात."

पायऱ्यांना कठडा नव्हता. मी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चढले.

आत मॅनेजर बसला होता. चाळिशीचा, स्वच्छ, गोड बोलणारा माणूस. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग माझ्या डोक्यावरून नवऱ्याशी बोलायला लागला.

"यांना पोहायचंय का?"

"हो."

"पण यांच्यासोबत पाण्यात कोण उतरणार?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मला पोहता येतं."

तो माझ्याकडे बघून हसला, लहान मूल काहीतरी बोबडं बोलल्यावर हसतात तसा, आणि पुन्हा नवऱ्याकडे वळला. "नाही, तसं चालेल हो. फक्त डॉक्टरांची दोन सर्टिफिकिटं लागतील. एक फिटनेसचं, ते सगळ्यांनाच लागतं. आणि दुसरं, पायाचं. म्हणजे हा आजार संसर्गजन्य नाही, असं. लेडीज बॅच असते, लहान मुली असतात. उद्या कुणी विचारलं तर आपल्याकडे कागद पाहिजे."

माझ्या अंगावर एकदम पाल पडल्यासारखं झालं. हा माणूस शिकलेला होता. त्याच्यामागच्या भिंतीवर पोलिओच्या डोसाचं पत्रक चिकटवलेलं होतं.

मी म्हटलं, "पोलिओ आहे. चव्वेचाळीस वर्षं झाली. माझ्या नवऱ्याला अजून लागलेला नाही. विचारा त्यांना."

नवरा खाली मान घालून हसला. मॅनेजरही हसला, पण सर्टिफिकेट हवंच म्हणाला.

मी ते आणलं. आमच्या डॉक्टरांनी कागद लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. "असं मी आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही," म्हणाले. पुढच्या शनिवारी कळलं की बॅच भरलेली आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी कळलं की वर विचारावं लागेल. मी नाद सोडत होते तेवढ्यात मॅनेजरचाच फोन आला. आवाज मधात घोळलेला.

"ताई, तुमच्यासाठीच एक आनंदाची बातमी आहे. आपण पाण्यात उतरवणारी खुर्ची बसवलीय. बटण दाबलं की माणूस बसल्या बसल्या पाण्यात. बुधवारी उद्घाटन आहे, साहेब येतायत. तुमचा पास त्यांच्याच हस्ते देऊ."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. घास थांबवून म्हणाला, "जाऊ नकोस."

"का?"

"त्यांना तू पोहायला नकोयस. त्यांना तू दिसायला हवीयस."

"पण पास तर मिळतोय ना?"

"तुझं तू बघ. मला मात्र बोलावू नकोस."

मी अर्धी रजा टाकली आणि गेले.

दारापासून आत तलावाच्या काठापर्यंत मांडव घातला होता. मांडवाचा एक खांब बरोबर उताराच्या मधोमध रोवला होता आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आम्ही सहा अपंग माणसं आत, पहिल्या रांगेत, गळ्यात निळ्या फितीचे बिल्ले घालून. साहेब अकराला येणार होते. साडेबारा वाजले, एक वाजला. मला लघवीला जायचं होतं. कॅलिपर काढता-घालता येईल एवढी जागा लागते, म्हणून मी वॉचमनला विचारलं, अपंगांचं स्वच्छतागृह कुठे आहे? त्याने मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरने घड्याळाकडे. चावी सापडेना. शेवटी तलावावर जीवरक्षक म्हणून असणारी एक बाई आली आणि तिने दाराला खांदा लावून ते उघडलं. कडी नुसतीच अडकवलेली होती.

तो वास मी विसरणार नाही. ब्लीचिंग पावडरची फुटकी पोती, मोडक्या खुर्च्या, मागच्या कुठल्या तरी कार्यक्रमांचे गुंडाळलेले फ्लेक्स, खराटे, ओलं कुजलेलं पायपुसणं. कमोडमध्ये पाणी नव्हतं. गुटख्याच्या पिचकाऱ्या मारून मारून तो आतून तपकिरी झाला होता, आणि त्यात कबुतराचं पीस पडलेलं. आणि भिंतीवरच्या त्या आधाराच्या दांडीवर, जिला धरून माझ्यासारख्या बाईने उठायचं, त्या दांडीवर कुणाचा तरी बनियन आणि चड्डी वाळत घातलेली होती.

तोंडावर पदर धरून मी मागे सरले.

"चला बाई, आमच्या खोलीत चला," ती जीवरक्षक म्हणाली. पन्नाशीला आलेली, काळीसावळी, खांद्याने रुंद बाई होती. इथल्याच जुन्या गावकीतली, बोलण्यावरून कळायचं. "हे काय माणसांसाठी न्हाई. हे नुस्तं पाटी लावायला हाय."

हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नाकात तो वास असतानाच मी परत मांडवात येऊन बसले, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. कारण पुढे जे झालं ते न कळून झालेलं नाही.

साहेब सव्वाला आले. गडबड उडाली. एक नवीकोरी व्हीलचेअर आणली गेली, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. मॅनेजर माझ्याकडे वाकून म्हणाला, "ताई, तुम्ही यात बसा ना."

"मी व्हीलचेअर वापरत नाही. मी चालते."

"माहितीय हो. पण फोटोत कळायला पाहिजे ना. दोन मिनिटांचं काम आहे. आणि ती कुबडी तेवढी बाजूला द्या."

आमच्या रांगेत व्हीलचेअर वापरणारं कुणी नव्हतंच. आणणार तरी कसे? त्या उतारावरून ते वर येऊ शकले नसते. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं होतं. तरी मी बसले. पास टेबलावर समोर दिसत होता, लॅमिनेट केलेला, माझा फोटो लावलेला. उन्हाने प्लास्टिक तापलं होतं, ते साडीला चिकटत होतं. दोन पोरांनी मला ढकलत तलावाच्या काठाशी नेलं. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. कॅमेरावाला ओरडला, "ताई, हसा!"

आणि मी हसले.

साहेबांचा हात माझ्या डोक्यावरून निघाला तसा त्यांच्या मागच्या माणसाने बाटली काढून त्यांच्या तळहातावर सॅनिटायझर सोडलं. मी मनात म्हटलं, प्रत्येकाला हात लावल्यावर लावत असतील. मग लक्ष ठेवून पाहिलं. हार घेताना लावलं नाही. इतरांशी हात मिळवताना लावलं नाही. आमच्या रांगेतल्या अंध गृहस्थांना शाल दिल्यावर मात्र पुन्हा बाटली निघाली.

मग ती पाण्यात उतरवणारी खुर्ची दाखवण्यात आली. तीत कुणाला बसवलं नाही. साहेबांनी रिमोट दाबला, रिकामी खुर्ची घरघरत फूटभर खाली गेली आणि थांबली. टाळ्या झाल्या. पंधरा मिनिटांत सगळे गेले. मांडवात आम्ही सहाजण उरलो, मांडीवर नारळ घेऊन. माझी कुबडी कुठे ठेवली ते कुणालाच आठवत नव्हतं. ती खुर्च्यांच्या ढिगामागे सापडली.

घरी आल्यावर मी डोक्यावरून तीन वेळा आंघोळ केली.

पण पास खरा होता. शनिवार आणि रविवार, संध्याकाळची लेडीज बॅच. पहिल्या शनिवारी गेले तर तलावाच्या दर्शनी भिंतीवर पंधरा फुटी फ्लेक्स लागलेला. त्यावर मी, व्हीलचेअरमध्ये, हसतेय. वर लिहिलेलं: आता प्रत्येकासाठी खुला. आणि आत, ती पाण्यात उतरवणारी खुर्ची एका जुन्या फ्लेक्समध्ये गुंडाळून सुतळीने बांधून ठेवलेली.

"रिमोट?" मी जीवरक्षक बाईंना विचारलं.

"रिमोट हाय की. हापिसातल्या कपाटात. आन कपाटाची चावी ज्याच्याकडं, तो गावाला गेलाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी कशा उतरता, सांगा."

मी काठावर बसले. कॅलिपर काढला, टॉवेलमध्ये गुंडाळून बाजूला ठेवला. ओल्या फरशीवरून बसल्या बसल्या सरकत कडेपर्यंत गेले आणि पाण्यात गेले. थंडपणा छातीपर्यंत चढला. क्षणभर वाटलं, विसरले. मग हात आपोआप हलले. पाय मागे सुटला, हलका झाला. मी भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. डोळ्यांतलं पाणी माझं होतं की तलावाचं, कळायला मार्ग नव्हता, आणि ते बरंच होतं.

"लई भारी पवता की बाई तुमी!" वरून आवाज आला. "कुठं शिकला?"

"विहिरीत."

"मंग तर बघायलाच नको."

चार आठवडे मला सुखाने मिळाले. पाचव्या शनिवारी मी काठावर कॅलिपर सोडत असताना एक बाई आपल्या मुलीला हाताला धरून पलीकडे घेऊन गेली. बाई हिंजवडीला मोठ्या कंपनीत होती, फोनवर इंग्रजीत मीटिंगा करत यायची. ती माझ्याशी बोलली नाही. जीवरक्षक बाईंशी बोलली, पण मला ऐकू जाईल अशी.

"तो बूट आणि ते पट्टे इथे पाण्याजवळ कशाला? रस्त्यावरची सगळी घाण असते त्याला. आणि मुलीला रात्री झोप लागत नाही असं काही बघून."

"मुलगी तर काही बोलली न्हाई," जीवरक्षक म्हणाल्या.

ते खरं होतं. मुलगी आठेक वर्षांची होती. माझ्या बारीक पायाकडे टक लावून बघत होती, पण घाबरून नाही. मला तिने मागच्याच आठवड्यात विचारलं होतं, की या पायाला गुदगुल्या होतात का. होतात, मी सांगितलं होतं. झोप आईची उडाली होती.

माझ्या पायाकडे बघून लोकांच्या नाकपुड्या आकसतात, ते मी लहानपणापासून पाहत आले. लग्नाच्या पंक्तीत, बसमध्ये, देवळाच्या पायरीवर. तेव्हा मी पदर ओढून घ्यायचे, स्वतःलाच लाज वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा उलटं झालं. तिचं ते आकसलेलं नाक, दागिन्यांसकट टोपीत कोंबलेले कान, मुलीच्या मनगटावर रुतलेली बोटं, हे सगळं बघून मलाच शिसारी आली.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. टेबलावर बॅचमधल्या चार बायकांच्या सह्यांचा, माझ्याविरुद्धचा अर्ज.

"ताई, मी तर तुमच्याच बाजूने आहे. म्हणूनच मार्ग काढलाय. तुमच्यासाठी खास दिव्यांग बॅच. सोमवार, दुपारी दोन ते तीन. अख्खा तलाव तुमचा."

बाहेर आले तर जीवरक्षक बाई दाराशीच होत्या. त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"सोमवारी तर तलाव बंद असतो! सोमवारी आमी पावडर टाकतो पाण्यात. माणूस उतरला तर डोळे जातील."

मी परत आत गेले नाही. त्याला ठाऊक होतं आणि माझ्यापुढे बसून तो ते गोड तोंडाने बोलला होता. त्या शनिवारी मी नेहमीच्या वेळेला गेले. वॉचमनला पास दाखवला. "यावर शनिवार लिहिलंय. साहेबांनी हाताने दिलाय. बदलायचा असेल तर साहेबांना सांगा." त्याने मला सोडलं. हिंजवडीवाली मी पाण्यात उतरताच बाहेर निघून काठावर हाताची घडी घालून बसली. मी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त पोहले. माझ्यात तेवढा दुष्टपणा होता.

असंच राहिलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. स्वतःपुरतं भागलं होतं.

एका रविवारी मी पाण्यात असताना जीवरक्षक बाई वाकून म्हणाल्या, "बाई, वर या. बाहेर एक पोरगी आलीया. मोबाईलवर तुमचा फोटू बघून आले म्हनती."

अंग पुसून, कॅलिपर चढवून, कुबडी घेऊन मी बाहेर यायला दहा मिनिटं लागली. उताराच्या पायथ्याशी व्हीलचेअरमध्ये पंचविशीची एक मुलगी होती, सोबत तिची आई. निघोज्याची. घराच्या गच्चीवरून पडून कंबरेखालचं गेलेलं, तीन वर्षं झाली. निघोजे मला कंपनीमुळे घरच्यासारखं. तिथून इथवर टेम्पोत खुर्ची घालून आल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत नवा पोहण्याचा ड्रेस, त्याची चिठ्ठी अजून लोंबत होती. आई खुर्ची उतारावर ढकलायचा प्रयत्न करत होती. चाकं ग्रॅनाइटवरून घसरून मागे येत होती. वर साखळी आणि कुलूप.

मुलीने आधी फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्याकडे, कुबडीकडे, पायांकडे.

"तुम्ही चालता?" तिने विचारलं.

मी मान हलवून हो म्हटलं.

"यात तर तुम्ही खुर्चीत आहात. मी म्हटलं, या जाऊ शकतात तर मीही जाईन." ती रागावली नव्हती. खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. "ती पाण्यात उतरवणारी खुर्ची तरी आहे का?"

"आहे. पण चालत नाही. मी त्यात कधी बसलेच नाही."

"मग फोटो?"

"फोटोपुरतं बसवलं त्यांनी मला. आणि मी बसले."

वॉचमन पुढे आला. "चौघं मिळून उचलू की वर. त्यात काय?" दोन-तीन माणसं जमलीच होती, हात पुसत, मदतीच्या उत्साहात. एकाने तर तिच्या काखेत हात घातलासुद्धा.

"हात लावू नका," ती ओरडली. "मला उचलू नका. मी पोतं नाहीये."

माणसं नाराज झाली. एकजण पुटपुटला, मदत करायला जावं तर असं. तिच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मी तिच्यासोबत टेम्पोपर्यंत गेले. "माझा नंबर घ्या," म्हटलं, दुसरं काय म्हणणार? तिने घेतला, स्वतःचाही दिला. तो नवा ड्रेस तिने पिशवीत आणखी खाली दाबला.

टेम्पो वळला आणि मी परत येऊन त्या भिंतीपुढे उभी राहिले. भिंतीवर मी हसत होते. साहेबांचा हात माझ्या डोक्यावर. त्या मॅनेजरची, त्या हिंजवडीवालीची, त्या संडासाची मला किळस आली होती, पण ती बाहेरची होती, आंघोळीने थोडीफार जात होती. ही जात नव्हती. एका लॅमिनेट केलेल्या पासासाठी मी त्या पोरीला निघोज्याहून इथवर आणलं होतं.

मी जीवरक्षक बाईंकडे कात्री मागितली. त्यांनी ती लगेच आणून दिली. फ्लेक्सची खालची कड माझ्या छातीपर्यंत येत होती. माझा हात खांद्याच्या वर पूर्ण जात नव्हता, म्हणून उरलेलं त्यांनी कापलं. साहेब तसेच राहिले, मी तेवढी निघाले, मागे चौकोनी भोक ठेवून. वॉचमन बघत होता. "ताई, हे काय करताय?" म्हणाला, पण पुढे आला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी रिपोर्ट लिहिला. माल नापास होतो तेव्हा आम्ही लिहितो तसाच: काय असायला हवं, काय आहे, पुरावा. उताराची लांबी, ग्रॅनाइट, कुलूप. आदल्या दिवशीच काढून घेतलेले स्वच्छतागृहाचे फोटो, त्या दांडीसकट. रिमोट. सोमवारची बॅच. पहिल्या क्रमांकावर मात्र मी हे लिहिलं: जाहिरातीतली बाई व्हीलचेअर वापरत नाही, तिला फोटोसाठी बसवण्यात आलं, आणि ती बसली. लिहिताना हात थांबला. "ती बसली" खोडावं असं वाटलं. खोडलं नाही. तो कागद मी तलावाच्या मॅनेजरला, ठेकेदाराला आणि ज्यांनी ठेका दिला त्यांना, तिघांनाही पाठवला.

उत्तर आलं, की आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे. महिन्याभराने साखळी निघाली. स्वच्छतागृहातली पोती गेली, कमोड घासला गेला. दांडी मी धरून पाहिली तर स्क्रूसकट हातात आली. उतारावर पिवळ्या रंगाचे पट्टे मारले, त्याच ग्रॅनाइटवर, तेवढ्याच सहा फुटांवर. पाण्यात उतरवणाऱ्या खुर्चीच्या खांबाला गंज चढला आहे. मॅनेजरची बदली झाली, की त्याने स्वतःच मागून घेतली, माहीत नाही. नवा आहे तो निदान माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघतो. मी शनिवारी, रविवारी जाते. जीवरक्षक बाई माझ्या कॅलिपरवर स्वतःचा कोरडा टॉवेल टाकून ठेवतात.

गेल्या आठवड्यात मी निघोज्याच्या त्या मुलीला फोन केला. बरेच दिवस मनात होतं, धीर होत नव्हता. तिने ओळखलं.

मी म्हटलं, "दार उघडलंय आता. कुलूप नाही."

"उतार?"

"तसाच आहे. पट्टे मारलेत."

तिच्याकडे मागे कुकरची शिट्टी झाली, तिच्या आईने कुणाला तरी हाक मारली.

"ताई, तुम्ही पोहता ना अजून?"

"हो."

"मग पोहा," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना रुसवा होता ना माया. "उतार नीट झाला की सांगा. मी आधी आईला पाठवीन बघायला."